बिनफेसाची स्टाउट

डगला भर पंगतीत तीन ढेकर द्यायला मीच लावलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. वाईट वगैरे काही वाटत नाही मला त्याचं. पण पुढचं सगळं त्या तीन ढेकरांपाशी येऊन अडलं, म्हणून सांगतोय.

बार्बेक्यू धर्मराजच्या बॅकयार्डात होता. धर्मराज माझा ऑफिसातला दोस्त, नागपूरचा. आम्ही दोघं इथे मिशिगनात, नोव्हायमध्ये, एकाच कंपनीत गाड्यांच्या सीट्स डिझाइन करतो. त्याला घरी बीअर बनवायचा नाद, आणि डग हा त्याच्या ब्रूइंग क्लबचा म्होरक्या. रिटायर्ड माणूस, अंगानं पैलवान, स्वभावानं शाळेतला मॉनिटर. जेवण झाल्यावर मला हळूच विचारतो, "तुमच्याकडे यजमानांना थँक यू कसं म्हणतात?"

आता हा प्रश्न मला कुणी विचारावा का? मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "घरच्या बाईसमोर उभं राहून तीन ढेकर. पहिला पोटाचा, दुसरा मनाचा, तिसरा पूर्वजांचा. जेवढा मोठा तेवढा मान."

डग उठला. धर्मराजची बायको राधा गुलाबजामाचं भांडं घेऊन येत होती, तिच्यासमोर उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि पूर्वजांपर्यंत पोचला. राधाच्या हातातलं भांडं राहिलं, चमचा पडला.

खरं काय ते डगला दुसऱ्या दिवशी कळलं. मग महिनाभर तो माझं नाव घेत नव्हता. 'दॅट गाय' म्हणायचा.

आणि नेमकं त्याच क्लबात मला शिरायचं होतं.

का, तर ऐका. अठ्ठेचाळिशीला आलोय. लोकांना हसवणं मला झोपेतही जमतं. पण मी कुठे काही घेऊन गेलो की लोक म्हणतात, "आता काय केलंस बाबा?" केक नेला तर सुरीनं टोचून बघतात. एकदा तरी आपण काहीतरी बनवावं, ते लोकांनी घ्यावं आणि नुसतं "अरे वा" म्हणावं, एवढीच इच्छा. धर्मराजच्या गॅरेजात एकदा माल्ट उकळताना वास आला आणि ठरलंच. म्हटलं, हेच. आणि बनवायची तर स्टाउट. काळी, जाड, वर दोन बोटं फेस.

क्लबाचा नियम साधा आहे. नवीन माणसानं स्वतःच्या रेसिपीची बीअर आणायची, सगळ्यांना एकेक ग्लास द्यायचा. सगळे ग्लास रिकामे झाले तर तू आत. मतदान नाही, भाषण नाही. फक्त कुणीतरी मेंबर जामीन राहायला लागतो. माझ्यासाठी धर्मराज राहिला. डग त्याला म्हणाला, "आणू दे त्याला. पण काही गंमत केली, तर तो तर बाहेरच, तूही बाहेर."

धर्मराज आठ वर्षं त्या क्लबात आहे. इथल्या थंडीत त्याचं अर्धं सोशल लाइफ तिथेच.

"ऐक बे," तो मला म्हणाला, "माझी लाज तुझ्या हातात आहे."

"अरे, निवांत राहा."

"तू निवांत म्हणतोस ना, तेव्हाच मला भेव लागते."

रेसिपी करायला बसलो आणि लक्षात आलं, हे तर माझंच काम आहे. खोडी काढायची तर तीन गोष्टी जमवायला लागतात. आधी माणूस जवळ यायला पाहिजे, मग त्याला वाटलं पाहिजे की आपल्याला सगळं कळलंय, आणि मग खालून काहीतरी यायला पाहिजे जे त्याला अपेक्षित नव्हतं. स्टाउट तशीच. फेस माणसाला जवळ बोलावतो. पहिल्या घोटाला कॉफी, चॉकलेट, म्हणजे ओळखीचं. आणि मग गिळल्यावर मागे काय राहतं, तिथे रेसिपी करणाऱ्याची सही.

बेसला साधा पेल माल्ट. अंगात जाडी यावी म्हणून ओट्स. रंगाला भाजलेली बार्ली, पण थोडीच, नाहीतर राख चाटल्यासारखं लागतं. चॉकलेट माल्ट मूठभर. हॉप्सची फुलं कडवटपणापुरती, वासाला नाहीत. इथपर्यंत धर्मराज मान डोलवत होता.

"आणि सहीला नाचणी," मी म्हणालो.

"काय?"

"मोड आणलेली नाचणी. काळी होईपर्यंत भाजलेली."

"पहिल्या रेसिपीत नाचणी? अबे, पहिली रेसिपी साधी ठेव. बिघडलं तर काऊन बिघडलं ते कळते तरी."

"बिघडणारच नाही. माल्ट म्हणजे काय? धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं. आपल्या घरोघर नाचणीचं सत्त्व असंच होतं. फक्त आपण ते बाळांना पाजतो."

त्यानं रेसिपीच्या कागदावर नाचणी लिहून घेतली. मग म्हणाला, "आयडिया वाईट नाही." धर्मराजकडून हे म्हणजे पद्मश्री.

आमच्या घरी तेव्हा पद्मजामावशी आल्या होत्या, बायकोची मावशी, सांगलीच्या. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या. अजून हाक मारली की माणूस आपोआप पाय जुळवून उभा राहतो. नाचणीला मोड आणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, हे आश्लेषानं, म्हणजे बायकोनं, आधीच सांगितलं होतं.

"मावशी, नाचणीचं सत्त्व करायचंय."

"कुणाला बाळ झालं?"

"बाळ नाही. बीअर करायचीय."

मावशींनी चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलं. "बाळाच्या तोंडचं काढून त्याची दारू करणार तुम्ही, यतीनराव?"

"बाळालाही ठेवू थोडं."

"कुठल्या बाळाला? मी आत्ताच विचारलं ना?" पण तोवर त्या नाचणी निवडायला ताट शोधत होत्या.

नाचणी भिजली, फडक्यात बांधली, मोड आले. मिशिगनच्या सप्टेंबरात ऊन मिळतंय तोवर डेकवर वाळवली. शेजारचा माणूस कुंपणावरून बघत होता, त्याला सांगितलं की पक्ष्यांच्या अंघोळीची वाळू आहे. एवढं चालतं, तो क्लबात नव्हता.

भाजायच्या दिवशी मात्र घोळ झाला. लोखंडी कढई, मोठा बर्नर, आणि मावशी उलथनं घेऊन. मी म्हणत होतो अजून काळी, मावशी म्हणत होत्या पुरे.

"अहो, करपली!"

"करपायलाच पाहिजे, मावशी."

"जन्मभर करपू नये म्हणून भाजलं. आता मुद्दाम करपवायला शिकू?"

तेवढ्यात स्मोक अलार्म केकाटायला लागला. आश्लेषा टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचायला लागली, मी शिडी आणायला गॅरेजात पळालो. परत आलो, अलार्म बंद केला, तर नाचणी कॉफीच्या रंगाची, एकसारखी, चकचकीत. काय सुंदर दिसत होती! मी मावशींना म्हटलं, "तुमच्या हाताला काही तोड नाही." त्या म्हणाल्या, "आहेच तसं."

बीअर आमच्या गॅरेजात केली. निम्मी नाचणी न भाजता ठेवली होती, तिची आधी आंबील शिजवली आणि ती भाजलेल्या नाचणीबरोबर मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजत घातलेल्या माल्टमध्ये ओतली. धर्मराज थर्मामीटर घेऊन एखाद्या नर्ससारखा उभा. गॅरेजभर असा वास सुटला की मला वाटलं, आत्ताच कुणीतरी "अरे वा" म्हणून जाईल. यीस्ट घातलं, दोन आठवडे कोपऱ्यात ब्लँकेट गुंडाळून ठेवली, मग केगमध्ये, म्हणजे नळाच्या पिंपात, भरून गॅस दिला.

क्लबाच्या शनिवारच्या आधीच्या रविवारी आम्ही पहिला ग्लास भरला.

काळी. जाड. धर्मराजनं वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. "यतीन," तो म्हणाला, "साल्या, भारी आहे." मागून नाचणी येत होती, भाजलेली, मातीसारखी, जिभेवर रेंगाळणारी. माझी सही. मी हवेत.

मग त्यानं डोळे उघडले आणि ग्लासाकडे बघितलं. "फेस कुठाय?"

फेस नव्हता. म्हणजे ओतताना येत होता आणि बघता बघता जात होता, सर्दीच्या काढ्यासारखं काळं सपाट पाणी उरत होतं. ग्लास धुतला, परत भरला. तेच. नवा ग्लास. तेच. गॅस वाढवला. बुडबुडे आले, फेस नाही. धर्मराजनं सगळे पाइप सोडून, धुऊन, परत जोडले. तेच.

मग तो खुर्चीत बसला. एकदम शांत आवाजात म्हणाला, "यतीन. खरं सांग. काय टाकलंस?"

"काही नाही."

"साबण?"

"अरे, काही नाही टाकलं!"

"डगसमोर फुस्स करायचं ठरवलं असशील. तुला गंमत वाटते. पण आठ वर्षं आहेत यार माझी तिथे."

"मुलीची शपथ, धर्मराज."

"मागच्या वेळी लॉटरी लागल्याचं मला सांगितलंस, तेव्हाही तिचीच घेतली होतीस."

ते बरोबर होतं. मी आश्लेषाला हाक मारली, म्हटलं सांग याला. ती दारात उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं. "मला काय माहीत? मी ओळखते तुला, म्हणूनच काही बोलत नाही." वर जाता जाता म्हणाली, "दिवसभर सीटचा फोम बनवतो, आणि बीअरला फेस येत नाही म्हणे."

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही केलेलं नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना माझी खात्री पटली होती.

पण तीस वर्षं लोकांना फसवलंय मी. एवढं कळतं की काहीतरी कुणीतरी केलेलं असतं, आपोआप काही होत नाही. आणि माणसाला 'काय केलंस' विचारलं की तो आठवून सांगतो, त्यात अर्धं गळतं. 'करून दाखव' म्हटलं की हात खरं बोलतो. माल्ट दुकानातलं. यीस्ट पाकिटातलं. आमच्या घरात शिजलेली एकच गोष्ट होती. मी धर्मराजला दंडाला धरून वर किचनमध्ये नेलं.

"मावशी, त्या दिवशी नाचणी कशी भाजलीत, याला जरा करून दाखवा ना. याला शिकायचंय."

"आता? बरं." मावशींनी कढई ठेवली, उरलेली नाचणी ओतली, हलवायला लागल्या. "आच मध्यम. हात थांबवायचा नाही. तुम्ही शिडीला पळालात ना, तेव्हा ही खाली लागायला लागली. मग..." असं म्हणत त्यांचा डावा हात, त्यांनी न बघताच, ओट्यावरच्या बरणीकडे गेला. झाकण उघडलं. मोठे दोन चमचे तूप कढईत.

धर्मराजनं माझ्याकडे बघितलं. मी धर्मराजकडे.

"तूप," तो म्हणाला.

"मग? साजूक आहे," मावशी म्हणाल्या. "मी कढवलंय."

धर्मराज हसता हसता ओट्याला धरून खाली बसला. बीअरच्या फेसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्निग्धपणा. ग्लासाला लिपस्टिक लागली तरी फेस बसतो. आणि आमची स्टाउट साजूक तुपात परतलेली होती! चकचकीत दिसली तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मावशींना हसणं आवडलं नाही. "काय चुकलं? जावयाच्या हातची वस्तू चार लोकांत जाणार. ती कोरडी भाजून देऊ? लोक काय म्हणतील, सासरी तुपाला महाग आहेत?"

"काही नाही चुकलं, मावशी," मी म्हणालो. आणि खरंच, मला त्यांना तिथेच नमस्कार करावासा वाटला. माझ्यावरचा आळ गेला होता.

आता शनिवार. नवी बनवायला वेळ नव्हता. धर्मराज म्हणाला, "वर फेस आणायचे हजार मार्ग असतील तुझ्याकडे." होतेच. दुधाचा फेस करायची काडी होती, अंड्यातलं पांढरं होतं, आणखी दोन आहेत ते लिहीत नाही. मी म्हटलं, "नको. खरं सांगू. तूप पडलं, म्हणून फेस नाही. चवीवर घ्या."

"डग विश्वास ठेवेल?"

"का नाही ठेवणार?"

कॉन्फिडन्स मला कधी कमी पडत नाही. अक्कल कधी कधी उशिरा येते.

शनिवारी डगच्या गॅरेजात फोल्डिंगच्या खुर्च्या, मध्ये हीटर, दहा-अकरा माणसं. मी ग्लास भरून सगळ्यांसमोर ठेवले. सपाट काळे ग्लास. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी उभा राहिलो, अगदी मनापासून सांगितलं: नाचणी, मोड, भाजणं, आणि आमच्याकडे अशी पद्धत आहे की घरातल्या मोठ्या बाईनं जावयासाठी काही भाजलं तर ते कोरडं भाजत नाहीत...

"थांब," डग म्हणाला. "पद्धत?"

आणि मला दिसलं, मी कुठल्या खड्ड्यात उभा आहे ते. शब्द न् शब्द खरा होता, आणि शब्द न् शब्द तीन ढेकरांसारखा वाजत होता.

"आमच्या ग्लासात बटर आहे, कारण तुमच्याकडे पद्धत आहे," डग सावकाश म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानं ग्लास हातभर लांब सरकवला आणि माझ्याकडे न बघता धर्मराजकडे बघितलं. "मी तुला सांगितलं होतं."

धर्मराज उठला. स्वतःचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. खाली ठेवला. बाकीचे ग्लास भरलेलेच. दोस्त आहे, पिणारच, असं सगळ्यांच्या तोंडावर.

आता मावशी तिथे का होत्या, तर त्या आपणहून आल्या होत्या. "माझ्या हातून झालंय, मी नुसती घरी बसू?" नऊवारी नव्हे, साधी साडी, त्यावर आश्लेषाचं जाड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. मागच्या खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. इंग्लिश त्यांना कळतं तेवढं कळतं. पण ग्लास सरकवलेला कुठल्याही भाषेत कळतो.

त्या उभ्या राहिल्या. "यतीनराव, मी बोलते. तुम्ही सांगा त्यांना. जसंच्या तसं."

सगळ्या गॅरेजनं पाय जुळवले. शपथेवर.

"सांगा, तूप मी घातलंय."

मी सांगितलं. डगनं धर्मराजला विचारलं, "नेमकं हेच म्हणाल्या?" धर्मराज म्हणाला, "शब्दाला शब्द."

"सांगा, नाचणी खाली लागत होती, आणि घरातली वस्तू लोकांपुढे जाणार, म्हणून घातलं. मला कुणी सांगितलं नव्हतं की घालू नको."

सांगितलं. आता खरं सांगतो, जिभेवर आलं होतं. 'मावशी म्हणतायत, एका पायावर उभं राहून प्या.' सगळे उभे राहिले असते. त्या आवाजाला कोण नाही म्हणणार? आयुष्यात परत असा चान्स येणार नाही. धर्मराजकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, त्याला कळलं होतं माझ्या जिभेवर काय आहे ते. मी गिळलं.

"आणि फेसाचं एवढं काय घेऊन बसलेत हे? आमच्याकडे डाळीला फेस आला तर पळीनं काढून टाकतो."

तेही सांगितलं. कुणीतरी मागे खुदकन हसलं.

"आणि शेवटचं. सांगा, ह्यात यतीनरावांचा काही दोष नाही."

सांगितलं.

"बाकी सगळ्यात असतो."

मी थांबलो.

"सांगा की," मावशी म्हणाल्या. "जसंच्या तसं म्हटलंय मी."

मी घसा साफ केला आणि इंग्लिशमध्ये म्हणालो, "त्या म्हणतायत, यात माझा दोष नाही. बाकी सगळ्यात असतो."

गॅरेज फुटलं. डग पण. मोठ्यानं, पोट धरून, पार पूर्वजांपर्यंत. "ओके," तो डोळे पुसत म्हणाला, "हे कुणी स्वतःहून बनवून सांगणार नाही." आणि ग्लास ओढून घेतला.

एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग सगळ्यांनी उचलले. एकेक ग्लास रिकामा होऊन टेबलावर यायला लागला. एक राहिला. लिंडा नावाच्या बाई आहेत, धर्मराज म्हणतो चव ओळखायला त्यांची जीभ सगळ्यात पक्की. त्यांनी अर्धा प्यायला आणि ठेवला. "चव फार चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण शेवटी जिभेवर तुपट थर राहतो. मी खोटं नाही पिणार." फेअर आहे. मला तो थर पहिल्या दिवशीच जाणवला होता, मी त्याला सही म्हणत होतो.

डगनं सगळे ग्लास बघितले, मग त्या अर्ध्याकडे बघितलं. "धर्मराज आहे तिथे आहे. तू," मला म्हणाला, "जानेवारीत परत ये. हीच रेसिपी. बटर नको."

मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाला? पास का नापास?"

"एटीकेटी, मावशी."

"एका विषयात? निघेल. पुढच्या वेळी कोरडी भाजते. पण लोकांनी नावं ठेवली तर मला सांगायचं नाही."

लोक उठून पुढच्या केगकडे गेले. डग मात्र तिथेच राहिला. माझ्या केगपाशी आला, स्वतःच नळ सोडून दुसरा ग्लास भरला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"ते छोटं धान्य," तो म्हणाला, "त्याला मोड यायला किती वेळ लागतो? आणि अंधारात ठेवता का उजेडात?"

मी सांगायला लागलो. फडकं कसं बांधायचं, पाणी कधी शिंपडायचं, मोड किती लांब झाले की थांबवायचं. तो मध्येच थांबवून विचारत होता, परत ऐकत होता.